गोळीची सवय लागलेला पेशंट वॉर्डात आला की

ऑर्थो किंवा सर्जरीच्या वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदर मंडळींच्या कानावर लवकरच एक वाक्य पडतं: "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, ते इंजेक्शनचं गिऱ्हाईक आहे." सांगणारी वाईट नसते, दमलेली असते. पण ते डोक्यात ठेवून कॉटपाशी गेलात की पुढचं सगळं बिघडतं. दुखण्याच्या गोळीची किंवा इंजेक्शनची सवय लागली म्हणून दुखणं खोटं होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असतं.

असे बरेचसे पेशंट नशा करायला निघालेले नसतात. कुणाचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, कुणाचे हमालीत गुडघे गेलेले. कुणीतरी ट्रामाडोल, म्हणजे अफूच्या जातीचं दुखणं थांबवणारं औषध, लिहून दिलेलं असतं आणि चिठ्ठी जुनी झाली तरी ओळखीचा दुकानदार देत राहतो. २०१८ मध्ये ट्रामाडोल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तसे काही जण त्याच जातीच्या टॅपेन्टाडॉलवर गेले.

हिस्टरी घेताना "व्यसन आहे का?" विचाराल तर "नाही" हेच उत्तर येणार. "दिवसाला किती गोळ्यांवर भागतं?" असं विचारा, तेही नातेवाईक चहाला गेल्यावर. एका काकांनी आधी चार सांगितल्या. मी म्हटलं, "काका, खरा आकडा कळला तर रात्रीचा त्रास कमी करता येईल. पोलिसांना सांगायला नाही विचारत." जरा वेळाने पंख्याकडे बघत म्हणाले, "ताई, घरच्यांपुढे नका काढू. एक पत्ता जातो." पत्ता म्हणजे दहा गोळ्या, ५० मिलिग्रॅमच्या धरल्या तरी ५०० झाले. ट्रामाडोलची दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम, आणि डोस वाढत गेला तसा फिट येण्याचा धोकाही वाढतो. चार गोळ्यांवरच थांबलो असतो तर डॉक्टरांनाही चुकीचंच कळलं असतं. अशा वेळी झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारून घ्या.

फ्रॅक्चरचा पेशंट ॲडमिट झाल्यावर दुसऱ्या दिवशी चिडचिडा झाला, घामाघूम झाला, जांभया देऊ लागला, नाक गळायला लागलं, जुलाब सुरू झाले, तर आधी शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा. हात बघा, काटा आलाय का. डोळे बघा, लख्ख ट्यूबलाइटमध्येही बाहुल्या मोठ्या असतील तर ते नाटक नाही, गोळी एकदम बंद झाल्याचा त्रास आहे. वेळ घालून केस पेपरवर लिहा आणि डॉक्टरांना कळवा.

पेंटाझोसिन हे दुखण्यावरचं इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांची मांडी पाहिलीत तर दचकाल. कातडी लाकडासारखी टणक, मध्ये काळसर खड्डे, एखादी न भरणारी जखम. दचका, पण चेहऱ्यावर दिसू देऊ नका. पडदा ओढा, "बघू का?" असं विचारा आणि मगच कापड बाजूला करा. ड्रेसिंग करताना हे लोक जेवढं बोलतात तेवढं राऊंडला कधीच बोलत नाहीत.

इंजेक्शन मागितलं की गुपचूप डिस्टिल्ड वॉटर टोचायचं, ही पद्धत काही ठिकाणी अजून आहे. माझ्या मते ही शुद्ध फसवणूक आहे, शिवाय ती पकडली जाते. त्यानंतर तो तुमच्या हातची साधी पॅरासिटामॉलही विश्वासाने घेत नाही. मागेल तेव्हा सुई द्या असं मी म्हणत नाही. "पुढचा डोस आठला" असं सांगा आणि आठला त्याच्या कॉटपाशी उभ्या राहा. निम्मा आरडाओरडा "सिस्टर येणारच नाही" या भीतीपोटी असतो.

विदर्भात काम करणार असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांबद्दल जास्त सांभाळून. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका आला की, हाडं अक्षरशः ठणकत असतात, वरून काहीच दिसत नाही, आणि पोरगं वारंवार ॲडमिट होत असल्याने औषधाचं नाव, डोस सगळं त्याला पाठ असतं. नाव पाठ आहे म्हणून त्याला व्यसनी ठरवू नका.

उपचार मानसोपचार विभाग ठरवतो. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे सवयीच्या गोळीच्या जागी देतात ते औषध, सुरू झालं तर दोन गोष्टी तुमच्याकडे येतात. शेवटच्या गोळीनंतर त्रासाची लक्षणं नीट दिसेपर्यंत पहिला डोस देत नाहीत. घाई केली तर त्रास एकदम उसळतो. म्हणून तुमच्या नोंदी महत्त्वाच्या. आणि गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही.

डिस्चार्जच्या वेळी पेशंटची परवानगी घेऊन घरच्या एका माणसाला जवळ बसवा. काही आठवडे गोळ्या बंद राहिल्या की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच हिशोबाने पूर्ण पत्ता घेतला तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर कार्डावर लिहून द्या.

काही जण परत येतात. "पुन्हा चालू केलंत ना?" हे आधी नको. नाडी-बीपी घ्या, शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा, जुना केस पेपर काढा.