खानदेशात घरासाठी इंटरनेट जोडणी निवडताना

घरी इंटरनेट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी वेग आणि मासिक भाडे विचारतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मात्र पहिला प्रश्न विजेचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या ज्या वादळांत रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात, त्यांतच विजेच्या तारा आणि खांबही पडतात. अशा वेळी कोणती जोडणी टिकेल, यावर निवड ठरवावी.

या कसोटीवर ऑप्टिकल फायबर सर्वांत सरस ठरते. त्याच्या प्रचलित पद्धतीत कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर विजेवर चालणारे यंत्र सहसा नसते. काचेच्या एका तंतूतला प्रकाश विभाजकातून अनेक घरांना वाटला जातो. त्यामुळे केंद्रात बॅटरी किंवा जनरेटर असेल आणि घरातल्या फायबर मोडेमला छोटा यूपीएस जोडला असेल, तर गल्लीत वीज नसतानाही इंटरनेट चालू राहते. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात, तरीही अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्यावा.

जोडणी करायला आलेल्या कारागिराकडून पॉवर मीटरवरचा, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा आपल्यासमोर वाचून घ्यावा. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असणे चांगले. उणे २७ च्या आसपास सिग्नल तुटण्याच्या बेतात असतो, म्हणून सांधा पुन्हा करून मागण्यास संकोच करू नये. वायर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नये आणि पुढच्या दुरुस्तीसाठी दोन-तीन मीटर जादा वायर गुंडाळून ठेवायला सांगावे.

‘फायबर’ म्हणून विकली जाणारी जोडणी खरोखर घरापर्यंत फायबरच आहे का, हे अवश्य विचारावे. अनेक ठिकाणी केबलचालक खांबावरच्या किंवा शेजारच्या गच्चीवरच्या स्विचपर्यंतच (जोडणी अनेक घरांना वाटणाऱ्या यंत्रापर्यंतच) फायबर आणतात आणि पुढे तांब्याची लॅन केबल टाकतात. तो स्विच विजेवर चालतो, शिवाय वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून राउटर जळण्याचा धोका असतो. तरीही दुरुस्तीला तासाभरात येणारा गावातलाच केबलचालक असेल, तर त्याचे मोल कमी लेखू नये. म्हणून त्याच गल्लीतल्या दोन-तीन ग्राहकांना मागच्या पावसाळ्यात वायर तुटल्यावर किती दिवस लागले, हे विचारावे.

वायर पोहोचत नसेल तेथे एअरफायबर, म्हणजे गच्चीवर बसवलेल्या यंत्राने टॉवरचा ५जी सिग्नल घेणारी जोडणी, उपयोगी पडते. घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे सिम असलेला ५जी फोन रात्री आठ ते दहाच्या दरम्यान गच्चीवर नेऊन वेग तपासावा, कारण टॉवरवर गर्दी त्याच वेळी असते. महिन्याची डेटा मर्यादाही विचारावी. धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली आहे का आणि ती चालू आहे का, याची चौकशी करावी. नसेल तर बाहेरच्या अँटेनाचा ४जी राउटर हाच व्यवहार्य मार्ग उरतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाच्या जोडणीत बोलणे उशिरा पोहोचते, त्यामुळे व्हिडिओ कॉलसाठी ती गैरसोयीची आहे.

वेगाबाबत फार ताण घेण्याचे कारण नाही. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे चार-पाच जणांच्या घराला ५० एमबीपीएस पुष्कळ झाले. धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट जात नाही. तेथे वेग वाढवण्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन दुसरा राउटर बसवणे उपयोगाचे.

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो का, मोडेम कोणाच्या मालकीचा आणि अनामत परत मिळते का, हे लेखी घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना, शक्यतो पावसाळ्यातला, वापरून पाहावा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक दर वेळी लिहून ठेवावा, कारण कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना तो लागतो.