सायडर चाखायची तर तुरटपणा ओळखायला शिका

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य. फ्रिजमधून काढलेली तिची बाटली लगेच ओतू नका. अर्धा तास ओट्यावर राहू द्या. इथे इंग्लंडमध्ये बर्फाने भरलेल्या ग्लासात सायडर ओतून द्यायची पद्धत पबांमध्ये चांगलीच रुळली आहे. कारखान्यातल्या गोड सायडरला ती चालतेही. पण बागायतदाराने स्वतःच्या सफरचंदांची, स्वतःच्या पिंपात महिनोन्महिने आंबवलेली सायडर इतकी गार प्यायलात तर तिचा वास दबतो, गोडी लपते आणि तुरटपणा नुसता टोचत राहतो. फेसाळ असेल तर ८ ते १० अंश सेल्सियस, बिनफेसाची आणि तुरट असेल तर १२ अंशांच्या आसपास. ग्लास वाइनचा घ्या, तोंडाशी निमुळता, आणि तिसरा हिस्साच भरा. वरची रिकामी जागा वासासाठी असते.

मी मूळची नाशिकची. द्राक्षं आणि वाइन लहानपणापासून आजूबाजूला होती. आता बरीच वर्षं पश्चिम इंग्लंडमधल्या हेरफर्डमध्ये राहते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बागेत सफरचंदं गोळा करायला जाते. सायडरबद्दल जे कळलं त्यातलं बरंचसं त्या बागेतच कळलं. म्हणून माझा पहिला सल्ला बाटलीचा नाही, फळाचा आहे. कधी या भागात शरद ऋतूत आलात, तर बागेच्या मालकाला विचारून झाडाखाली पडलेलं डॅबिनेट जातीचं एक सफरचंद उचला आणि चावा. छोटंसं, गडद लाल फळ. पहिला घास गोड लागतो, आंबट जवळजवळ नाहीच. आणि मग दोन-तीन सेकंदांनी हिरड्या आक्रसतात, गालांच्या आतली बाजू कोरडी पडते, जीभ टाळूला चिकटू लागते. जांभळं खाल्ल्यावर होतं तसंच. बाजारातल्या खायच्या सफरचंदात हे होत नाही. चांगल्या सायडरचा कणा म्हणजे हा तुरटपणा, आणि बहुतेक नवखे लोक नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात, कारण ते सफरचंदाची गोडी शोधत बसलेले असतात.

ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टनला १९०३ मध्ये सायडरसाठी संशोधन संस्था निघाली. २००३ मध्ये ती बंद झाली, पण सफरचंदांची तिथे झालेली विभागणी आजही प्रत्येक बागायतदाराच्या तोंडी असते. रसात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, ०.२ टक्क्यांच्या वर आणि आम्ल ०.४५ टक्क्यांच्या खाली असेल तर ते फळ बिटरस्वीट. दोन्ही जास्त असतील तर बिटरशार्प. आम्ल जास्त, टॅनिन कमी तर शार्प. दोन्ही कमी तर नुसतं स्वीट. हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण ग्लास हातात घेतल्यावर 'ही आंबटाकडे झुकते की तुरटाकडे?' हा एक प्रश्न स्वतःला विचारलात तरी निम्मं काम झालं.

हा फरक जिभेला शिकवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकाच जातीच्या सफरचंदाच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवणं. हेरफर्डशायरमध्ये रॉस-ऑन-वायजवळच्या पीटरस्टो गावात ब्रूम फार्मवर अशा एकजातीय सायडर आवर्जून बनवतात. तीन बाटल्या पुरेत. डॅबिनेट ही बिटरस्वीट, सॉमरसेटमधल्या मिडल लॅम्ब्रुक गावची. तिचा तुरटपणा मऊ, गोलसर, संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. फॉक्सव्हेल्प ही सतराव्या शतकापासून माहीत असलेली जुनी बिटरशार्प. पहिल्या घोटाला डोळे मिटतील इतकी आंबट, पण वासात चक्क स्ट्रॉबेरी. आणि तिसरी किंग्स्टन ब्लॅक. तिच्यात गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा एकमेकांना इतके सांभाळून असतात की ती दुसऱ्या कशात न मिसळता एकटीच बाटलीत भरायची प्रथा पडली. चाखताना डॅबिनेट आधी, फॉक्सव्हेल्प शेवटी. उलट केलंत तर फॉक्सव्हेल्पच्या आंबटपणापुढे बाकीच्या दोन्ही पाणचट वाटतील.

आता प्रत्यक्ष घोट. रंगाकडे एक नजर टाका आणि पुढे चला. फिकट पिवळ्यापासून तांबूस सोनेरीपर्यंत काहीही चालतं, आणि गढूळपणा हा ना दोष ना गुण. वासासाठी मात्र वेळ द्या. ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग हलवून पुन्हा. ताज्या सफरचंदाचा वास येईल अशी अपेक्षा ठेवू नका. वाइनला तरी कुठे द्राक्षांचा वास येतो? तेव्हा मध, वाळलेला जर्दाळू, ओली पानं, कातडं, लवंग असं काही सापडतंय का ते बघा.

माझा भाचा लीड्सला नोकरीला आहे. तो पहिल्यांदा आला तेव्हा ग्लास हुंगून लगेच म्हणाला, "मावशी, ही बिघडलीये. तबेल्याचा वास येतोय."

"थांब रे जरा. दहा मिनिटं तशीच ठेव, मग सांग."

दहा मिनिटांनी त्याला त्याच ग्लासात लवंग आणि धूर सापडला. हा वास कुठून येतो तेही त्याला सांगितलं. वसंतात हवा तापू लागली की पिंपातले जिवाणू जागे होतात आणि सफरचंदातल्या बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. त्याच जिवाणूंमुळे आणि काही रानटी यीस्टमुळे तुरट रसातल्या घटकांपासून हे धुरकट, मसालेदार, तबेल्याकडे जाणारे वास तयार होतात. पश्चिम इंग्लंडच्या सायडरची ती ओळखच आहे. मर्यादा माझ्या मते एवढीच: त्या वासाखाली फळ शिल्लक असलं पाहिजे. फळ गायब होऊन नुसता तबेला उरला, तर बनवणारा कितीही नावाजलेला असो, मला ती बाटली नको.

घोट छोटा घ्या, पण लगेच गिळू नका. जिभेवरून दोन्ही गालांकडे फिरवा, गिळा, आणि मनात दहापर्यंत मोजा. या दहा आकड्यांत सगळं कळतं. आंबटपणा आधी येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. तुरटपणा उशिरा येतो आणि तेच पाणी आटवतो, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. जीभ हिरड्यांवरून फिरवून बघा. मखमलीसारखं लागलं तर टॅनिन मऊ आहे, खरखरीत आणि वर कडू लागलं तर कडक. ट्रेमलेट्स बिटर नावाचं सफरचंद असं कडक असतं आणि ते सहसा इतरांत मिसळूनच वापरतात. चार-पाच प्रकार चाखायचे असतील तर थुंकायला एक भांडं जवळ ठेवा. बनवणारेही तेच करतात, त्यात कुणाचा अपमान नाही. मध्ये मध्ये पाणी आणि कोरडा पाव. गाडी चालवायची असेल तर मात्र चाखणं दुसऱ्या दिवसावर टाका.

गोडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच होते. सायडर आपणहून आंबू दिली तर यीस्ट जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकतं आणि ती कोरडी होते. मग गोड सायडर येते कुठून? बऱ्याचदा नंतर साखर किंवा रस घालून आणि पाश्चराइज करून. पण एक जुनी, कष्टाची रीत आहे, कीव्हिंग. उशिरा पिकणारी फळं थंडीत मुरू देतात, मग दळून चोथा रसातच काही तास ठेवतात आणि नंतर पिळतात. रसातल्या पेक्टिनची जेली होते आणि पिंपात वर तपकिरी साय धरते. यीस्टला लागणारं पोषण त्या सायीबरोबर वर निघून जातं. खालचा नितळ रस काढून घेतला की उपाशी यीस्ट महिनोन्महिने रेंगाळत काम करतं आणि थोडी साखर तशीच सोडून थांबतं. फ्रान्समधल्या नॉर्मंडी आणि ब्रिटनीत ही रीत घट्ट टिकून आहे. अशा सायडरमध्ये अल्कोहोल कमी असतं, बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या आत, आणि गोडी फळाचीच असते. मागून घातलेली साखर जिभेच्या टोकावर येते आणि संपते. ही गोडी तुरटपणाला धरून शेवटपर्यंत जाते.

म्हणून बाटली घेताना लेबल वाचा. ब्रिटनच्या कायद्याने सायडर म्हणवून घ्यायला ३५ टक्के रस पुरतो, तोही सांद्र रसापासून केलेला चालतो. उरलेलं पाणी आणि साखर. पूर्ण रसाची सायडर बनवणारा ती गोष्ट अभिमानाने छापतोच. त्यासोबत सफरचंदाच्या जातीचं नाव आणि फळ काढल्याचं वर्ष असेल तर बाटली बिनधास्त उचला. भारतात मिळणारी सायडर चाखताना अपेक्षा वेगळी ठेवा. हिमाचल-काश्मीरची सफरचंदं खायची आहेत, त्यांच्यात टॅनिन फारसं नसतं. तिथे ताजा आंबटपणा आणि स्वच्छ वास शोधा. इंग्लंडच्या पूर्वेकडे, केंटमध्येही खायच्या आणि शिजवायच्या सफरचंदांची अशीच सायडर होते आणि उत्तम होते.

जेवणाबरोबर? तिखटाशी कडक तुरट सायडर लावू नका, जळजळ वाढते. कोल्हापुरी मटणाबरोबर कीव्हिंगची गोडसर सायडर घ्या. रवा लावून तळलेल्या सुरमईला आंबट, फेसाळ सायडर लिंबाची कमतरता भासू देत नाही. मुरलेल्या चेडर चीजबरोबर डॅबिनेट.

दोषांपैकी दोन ओळखायला शिका. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर सायडरला हवा लागली आहे. अगदी पुसट असेल तर चालेल, नाक मागे घ्यावं लागलं तर नाही. दुसरा दोष जास्त फसवा, त्याला इथे 'माऊस' म्हणतात. ग्लासात वास येत नाही, कारण सायडरच्या आंबटपणात तो उडत नाही. गिळल्यावर लाळेने आंबटपणा कमी झाला की दहा-वीस सेकंदांनी घशातून उंदीर लागलेल्या धान्याच्या पोत्याचा वास वर येतो. काहींना तो अजिबातच कळत नाही, म्हणून चाखायला सोबत कुणीतरी असू द्या. शंका आली तर हाताच्या पाठीवर दोन थेंब चोळून हुंगा; कातडीवर आंबटपणा उतरतो आणि वास उघडा पडतो.

हा दोष बाटली उघडल्यावर वाढतोही. त्यामुळे आवडलेली बाटली एका बैठकीत संपवू नका. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी अर्धा ग्लास पुन्हा चाखा. फेस गेलेला असेल, तुरटपणा थोडा निवलेला असेल. तरीही ती स्वच्छ आणि प्यावीशी वाटली, तर त्याच वर्षाच्या आणखी दोन-चार बाटल्या घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी त्याच झाडांची सायडर वेगळी असेल.