सिक्लिडने अंडी घातली? धावपळ आठव्या दिवसासाठी राखून ठेवा

एंजल या सिक्लिड कुळातल्या माशांच्या जोडीने फिल्टरच्या पाइपावर अंडी घातली की माणसं आधी फोटो काढतात आणि मग टँकमध्ये हात घालतात. हात बाहेर काढा. पहिले दोन-तीन दिवस अंड्यांना तुमची नाही, आईबापांची गरज असते. तुमची गरज लागते साधारण आठव्या दिवशी, आणि नेमके तेव्हा बहुतेक जण रिकाम्या हाताने उभे असतात.

हे एंजल, कॉन्विक्ट अशा पानावर, काचेवर, कुंडीच्या खापरावर अंडी चिकटवणाऱ्या माशांबद्दल आहे. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातल्या सिक्लिडची मादी अंडी तोंडात घेऊन जवळपास तीन आठवडे उपाशी बसते. तिची पिल्लं बाहेर येतात तेव्हाच चुरलेलं खाणं खातात, त्यांचं काही अवघड नाही.

आधी बाकीचे मासे काढा, विशेषतः सकर. दिवसा काचेला चिकटून गरीब दिसतो, रात्री अंधारात अंडी चाटूनपुसून साफ करतो. खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवा, म्हणजे आईबापांना राखण करता येते.

दुसऱ्या दिवशी पांढरी पडलेली अंडी मेलेली. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी जिवंत. सगळीच पांढरी पडली तर नर कोवळा असेल, नाहीतर तुमची जोडी म्हणजे दोन माद्या असतील. एंजलमध्ये असं होतं, दुकानदार कितीही शपथा घेवो.

पहिल्या दोन-तीन खेपांना एंजल अंडी खातात. खाऊ देत, दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालतात. चौथ्यांदाही खाल्ली तरच पान उचलून त्याच टँकच्या पाण्याने भरलेल्या छोट्या टँकमध्ये ठेवा. २७-२८ अंश तापमान, शेजारी हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा), आणि बुरशीसाठी पाणी फिकट निळं होईल एवढंच मिथिलीन ब्लू. मुख्य टँकमध्ये हे औषध ओतू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. कॉन्विक्टची अंडी मात्र कधीच उचलू नका.

दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं तिथेच चिकटून शेपटी थरथरवत राहतात. आईबाप ती तोंडात धरून दुसरीकडे हलवतात, ते खाणं नव्हे. पुढचे चार-पाच दिवस पोटाखालच्या बलकावर निघतात, तोवर खायला काही टाकायचं नाही.

मग एका सकाळी सगळी सुटून पोहायला लागतात. मी तीनदा हरले ती इथेच.

पहिल्या खेपेला कोणीतरी सांगितलं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घाल. घातला. सकाळी पाणी ताकासारखं आणि पिल्लं तळाशी. हा सल्ला अजून लोक देतात, आणि ऐकला की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या खेपेला पिल्लांसाठीचं तयार द्रव खाद्य आणलं. पिल्लांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण त्यांना हलणारं खाणं लागतं.

तिसऱ्यांदा आर्टेमियाची सुकी अंडी आणली. त्यातून खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव निघतात. पाकिटावर २४ तास लिहिलेलं. महिना डिसेंबरचा, सांगलीत रात्री पारा १४ च्या आसपास, आणि बाटली मी ओट्यावर उघडी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बघते तर नुसता तपकिरी गाळ. थोडेसे फुटले तोवर पिल्लांचा दीड दिवस उपाशी गेला होता. पोट खपाटीला गेलेलं पिल्लू नंतर खाणं समोर आलं तरी तोंड उघडत नाही.

म्हणून माशांची अंडी फुटल्याच्या तिसऱ्या दिवशीच पहिली बाटली लावा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगायची. त्यात एक लिटर पाणी, २५ ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमिया. हवेची नळी पार तळापर्यंत सोडायची, पाणी उकळल्यासारखं घुसळलं पाहिजे. वर दिवा. थंडीत हीच बाटली काठ वर ठेवून मोठ्या टँकमध्ये बांधा, हीटर आयता मिळतो. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली लावा. लाइट गेली की एअर पंप बंद पडतो आणि अख्खी खेप जाते, म्हणून एका बाटलीवर मी विसंबत नाही. बॅटरीवरचा छोटा पंपही घरात असू द्या.

काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी खाली बसतात, मधे नारिंगी ढग राहतो. बाजूने टॉर्च धरला की जीव उजेडाकडे गोळा होतात. तेवढेच नळीने रुमालावर ओढा आणि साध्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, घाई नडते. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या, कारण गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो आणि उरलेला सडतो. भिंग घेऊन बघा: पोट नारिंगी दिसलं की पिल्लू जेवलं.

उघडं पाकीट पावसाळ्यात दमट होऊन वाया जातं. घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, घरातल्यांना सांगून.

रोज चौथा हिस्सा पाणी बदला. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनची नळी आणा, मिरजेत तर पावलोपावली मिळेल. चाक फिरवून नवं पाणी थेंबथेंब सोडता येतं. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास आला तर क्लोरीन घालवणारे थेंब आधी घाला. बोअरचं जड पाणी मी एंजलच्या जोडीला देत नाही, अंडी कमी फळतात.

दोन-तीन आठवड्यांनी चुरलेलं खाणं सुरू करा.

शंभर-दीडशे पिल्लांचं काय करायचं ते दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडचा रुपयाच्या नाण्याहून लहान घेत नाही. उरली म्हणून सांगलीतल्या काळ्या खणीच्या तळ्यात किंवा कृष्णेत सोडायची नाहीत. बाजारात मिळते ती चिलापीसुद्धा आफ्रिकेतून आणलेली सिक्लिडच आहे. ती कुठवर पसरलीय ते मासे धरणाऱ्या कोणालाही विचारा.