मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

मोठी संख्या दिसली की बहुतेक जण थेट भागाकाराला लागतात. आपण जी संख्या तपासतोय ती मुळात तीच आहे का, हे कोणी बघत नाही. सगळ्यात जास्त वेळ याच चुकीपायी वाया जातो.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या स्प्रेडशीटमध्ये काढली. उत्तर आलं १४७५७३९५२५८९६७६००००००. मग बराच वेळ अवयव पाडत बसला आणि सांगायला आला की हिला १० ने भाग जातो! २ च्या घातातून १ वजा केला की विषम संख्याच उरते, तिला १० ने भाग जाईलच कसा? खरी संख्या आहे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. स्प्रेडशीट पहिले १५ अंक ठेवते, पुढे शून्यं भरते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे १५ च्या वर अंक गेले की मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषाच उघडते, ती सगळे अंक ठेवते. संख्या चिकटवल्यावर आधी अंक मोजते, शेवटचे अंक ताडून बघते, मगच पुढचं.

याच संख्येला मेर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने १६४४ मध्ये मूळ संख्या म्हटलं होतं. ती मूळ नाही, हे लुकास या गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केलं, तेही अवयव हाती नसताना. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ३, ७, ११, १३ ने भाग गेला नाही की "मूळ आहे" म्हणून मोकळे होणाऱ्यांनी यातला छोटा अवयव नीट बघावा.

इतकं लांब जायचं नसेल तर १३७१७४२१ घ्या. ही आहे ३६०७ × ३८०३. वर्गमूळ ३७०३ च्या जरा पुढे, म्हणजे पहिला अवयव अगदी शेवटच्या टप्प्यात सापडतो. हजारापर्यंत तपासून कंटाळलात तर उत्तर चुकलंच. वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्याच लागतात. त्यापुढे जायची गरज नसते, तरी काही जण निम्म्यापर्यंत जातात. ती निव्वळ हमाली.

झटपट कसोट्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. एक कसोटी अशी: २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, २ चा तिच्याहून एकने कमी असा घात काढा, त्याला त्या संख्येने भागलं की बाकी १ उरते. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं की बाकी १ उरते, अगदी मूळ संख्येसारखी. पण ३४१ म्हणजे ११ × ३१.

विभाजक मोजताना घातांकांची बेरीज करू नका. १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ३ × २ × २, म्हणजे १२ विभाजक.

गुणाकार पडताळताना नुसती ९ ची कसोटी (अंकांची बेरीज करून ९ ने भागल्यावरची बाकी जुळते का बघणं) पुरत नाही, कारण अंकांची अदलाबदल तिला कळत नाही. मी ११ ची कसोटीही (उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा करून ११ ने भागल्यावरची बाकी बघणं) लावतेच. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले असतील तर ती हमखास पकडते.

आणि ४ ने व ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असं नाही. १२ ला भागून बघा.