फुरशाचा दंश आणि काचेची नळी
शिकाऊ नर्स म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे ड्युटी लागणार असेल, तर सर्पदंशातली २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी आधी शिकून घ्या. फुरसं, घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं. प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेली तर नकोच, निकाल फसवा येतो. नातेवाईक कितीही ‘काय झाला, सिस्टर?’ विचारू देत, नळी मधेच हलवायची नाही. २० मिनिटांनी एकदाच आडवी करा. रक्त पातळच वाहिलं, तर वेळ लिहून तडक डॉक्टरांना सांगा. गोठलं तरी निर्धास्त होऊ नका. नाग-मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, तेव्हा पापण्या जड होतायत का ते बघत राहा.