ठाण्याचा इतिहास लिहिताना: आधी तारखा सोडवा

गोव्यातल्या वाळपई, केपे, काणकोण, पेडणे अशा कुठल्याही लहान शहराच्या पोलीस ठाण्याबद्दल लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘स्थापना कधीची?’ याला एकच उत्तर नसतं, आणि स्मरणिका फसतात त्या इथेच. वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: पोलीस इथे पहिल्यांदा कधी बसले, ‘ठाणे’ म्हणून अधिसूचना कधी निघाली, आजची इमारत कधी उभी राहिली, हद्द कधी कधी बदलली. कोनशिलेवरची तारीख फक्त तिसऱ्या रकान्यात जाते.

दुसरी गोष्ट, वहीत १९ डिसेंबर १९६१ला, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या दिवशी, आडवी रेघ मारा. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, काळातलं पोलीस दल आणि नंतरचं दल यांचे कायदे वेगळे, हुद्दे वेगळे, कागदांची भाषाही वेगळी. जागा तीच राहिली म्हणून ठाणं ‘शंभर वर्षांचं’ होत नाही. तसं लिहायचंच असेल तर ‘या जागेत पोलिसांचा वावर’ असं लिहा.

रेघेच्या अलीकडचं काम सोपं, म्हणून तिथून सुरुवात करा. सरकारने घोषित केल्याशिवाय चौकीचं कायदेशीर ठाणं होत नाही, म्हणजे कागद निघालेला असतोच. गोव्याचं राजपत्र तीन मालिकांत निघतं. नेमणुका, आदेश, अधिसूचना यांसाठी आधी मालिका दोन चाळा. नुसतं शहराचं नाव शोधू नका. शेजारच्या ठाण्याचं नावही शोधा, कारण नवं ठाणं बहुधा जुन्याची गावं तोडून होतं आणि गावांची यादी त्या आदेशात सापडते.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘ठाण्याचा इतिहास द्यावा’ असं लिहिलंत तर ‘उपलब्ध नाही’ एवढंच येईल, कारण अधिकाऱ्याने असलेला कागद द्यायचा असतो, नवा लिहून द्यायचा नसतो. म्हणून कागदाचं नाव घ्या: अधिसूचनेची प्रत, हद्दीतल्या गावांची यादी, प्रभारी अधिकाऱ्यांची यादी, आणि जुनी रजिस्टरं नष्ट केल्याचे आदेश. हा शेवटचा कागद कुणी मागत नाही. पण कुठल्या सालापर्यंतची रजिस्टरं गेली ते त्यावरूनच कळतं, आणि पुढचे हेलपाटे वाचतात.

निरीक्षकांच्या खोलीतला नावांचा फलक जपून वापरा. फलक पुन्हा रंगवताना एखादं नाव गळतं, दोन अधिकाऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात, आणि पहिलं नाव बऱ्याचदा ‘आठवलेलं पहिलं’ असतं. राजपत्र आणि ‘गोमन्तक’ (१९६२पासून), ‘नवप्रभा’ (१९७०पासून) यांच्या जुन्या अंकांशी ताडून पाहा.

इमारतीसाठी शहरी भागात चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर (शहरी भूमापनात जागेला दिलेले क्रमांक) घेऊन फॉर्म ‘डी’, म्हणजे मालमत्ता पत्रक, काढा. गावाकडे एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा. जागा सरकारची, कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या संस्थेची) की भाड्याची, ते तिथे दिसतं.

रेघेच्या पलीकडे मात्र चिकाटी लागते. पोर्तुगीज सरकारचं ‘बोलेतीं’, म्हणजे राजपत्र, १८३७पासून निघत होतं. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि पुराभिलेख खात्यात विचारा. १९११मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं: जुन्या अंकांत ‘ऑफिशियल’मध्ये दोन एफ, नंतर एकच. नवं स्पेलिंग टाकून शोधलंत तर जुने अंक हाती लागणार नाहीत. पणजी ‘नोव्हा गोवा’ नावाने येते. ‘पोर्तारिया’ म्हणजे आदेश. त्यावर सहीची तारीख एक आणि छापल्याची दुसरी, दोन्ही टिपा. सर्वांत मोठा घोटाळा ‘पोश्तु’ (चौकी, ठाणं) या शब्दाचा: तो पोलिसांचा असेल, जकातीचा असेल किंवा लष्कराचाही, म्हणून पुढचा शब्द वाचल्याशिवाय नोंद करू नका. ‘काबो’चंही (कॉर्पोरल) तसंच, हा हुद्दा सैन्यातही होता.

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या पंधरा वर्षांच्या कागदांत राजकीय अटका येणारच. पेडण्याचं लिहीत असाल तर १५ ऑगस्ट १९५५चा पत्रादेवीचा गोवामुक्ती सत्याग्रह टाळता येत नाही. तिथे ठाण्याची बाजू आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातले कागद शेजारी शेजारी ठेवा.

निवृत्त हवालदारांना ‘साल कुठलं?’ विचारून उपयोग नाही. ‘ओपिनियन पोलच्या आधी की नंतर?’, ‘भाऊ असताना की नंतर?’ असं विचारा. पहिल्याने (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरचा जनमत कौल) जानेवारी १९६७ची खूण मिळते, दुसऱ्याने (मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं निधन) ऑगस्ट १९७३ची. फोटो दाखवत बोला. पाटीवर ‘गोवा, दमण व दीव’ असेल तर पाटी ३० मे १९८७च्या, म्हणजे गोवा वेगळं राज्य होण्याच्या, आधी रंगवलेली. पण सावध, जुनी पाटी पुढेही लटकत राहते. जीपचा नंबर ‘जीडी’ने सुरू होत असेल तर गाडी जुन्या नोंदणीची, ‘जीए’ नंतरचं.

गुन्ह्यांच्या नोंदी हाती आल्या तर आरोपी, फिर्यादी यांची नावं गाळा. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती आणि अल्पवयीन मुलं यांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, प्रकरण चाळीस वर्षांचं असलं तरी. गाव लहान, ‘देवळामागच्या घरातली’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं, तेही काढा.