गिट रेपो नव्या सर्व्हरवर नेताना हिस्टरी गायब होत असेल तर (माझा अनुभव)

आम्ही सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो, जुना सर्व्हर बंद करायचा म्हणून गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) रेपो, म्हणजे कोड आणि त्याच्या हिस्टरीचा साठा, नव्यावर टाकली तर लॉगमध्ये एकच कमिट (नोंदवलेला बदल), अन् ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी यादी) सगळ्या लायनी माझ्याच नावावर. 2017 ला जीएसटी आला तेव्हाचे बदल कुणी आणि का केले ते बघायला हिस्टरीच लागते हो.

आधी फोल्डर झिप करून नेलं होतं, त्यात हिस्टरी ठेवणारं लपलेलं डॉट-गिट फोल्डर आलंच नव्हतं. मग साधं क्लोन करून (प्रत उतरवून) पुश केलं (नव्यावर पाठवलं), मेन ब्रँच (कामाची मुख्य शाखा) आली, बाकी ब्रँच आणि टॅग (व्हर्जनच्या खुणा) नाहीत. दोन रात्री डोक्याला नुसता ताप.

चाललं ते असं: सगळ्यांना पुश थांबवायला सांगितलं. नव्या सर्व्हरवर 'गिट इनिट --बेअर' करून पूर्ण रिकामी रेपो, रीडमीसुद्धा नको कारण मिरर पुश (सगळं जसंच्या तसं पाठवणं) नव्या बाजूचं उडवतं. मग माझ्या मशीनवर 'गिट क्लोन --मिरर' पुढे जुना पत्ता, तयार झालेल्या फोल्डरात जाऊन 'गिट पुश --मिरर' पुढे नवा पत्ता. एलएफएसवाल्या (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) मोठ्या फाइली असतील तर पुशच्या आधी 'गिट एलएफएस फेच --ऑल' आणि नंतर 'गिट एलएफएस पुश --ऑल' पुढे नवा पत्ता, नाहीतर फाइलींऐवजी नुसते पॉइंटर (त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या नोंदी) जातात.

दोन्हीकडे 'गिट रेव्ह-लिस्ट --ऑल --काउंट' मारून बघा, एकूण कमिटचा आकडा सेम आला पाहिजे, आमचा आला. मग प्रत्येकाने 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' पुढे नवा पत्ता टाकला. सर्व्हरवरचे हुक्स (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) मात्र मिररमध्ये येत नाहीत, ते हाताने कॉपी करा.